समुद्रात सांडलेलं तेल ‘आपोआप विरतं’? खुलासा

रामकुंडावर दिव्यातलं तेल सांडलं की पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा पसरतो आणि थोड्या वेळात दिसेनासा होतो. त्यावरूनच आपल्या नाशिकमध्ये बरेच जण ठामपणे सांगतात, “समुद्र केवढा मोठा! तेल लाटांत आपोआप विरतं.” हे खरं नाही.

तेलाचा तवंग पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाराही त्याला आपल्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने ढकलतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा म्हणजे दिवसाला जवळपास ३० किलोमीटर! आणि पावसाळ्यात आपला वारा नैऋत्येचा, थेट कोकण किनाऱ्याकडे.

पेट्रोल-डिझेलसारखा हलका भाग बराचसा उडून जातो. जहाजाचं जड इंधन मात्र फारसं उडत नाही. रवीने ताक घुसळावं तशा लाटा ते घुसळतात, त्यात ७०-८० टक्क्यांपर्यंत पाणी शिरतं आणि तपकिरी, चिकट लगदा तयार होतो. म्हणजे कमी होणं दूरच, मूळ तेलाच्या तीन-चार पट घाण! पुढे त्याचेच डांबरगोळे होऊन वाळूत येतात.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ दुसऱ्या जहाजाला धडकली, तेव्हा हे तेल खारफुटीत शिरलं होतं. तिथल्या चिखलात लाटा पोचतच नाहीत, मग विरवणार कोण?