फर्नेस सारखा बंद पडतो म्हणजे लिमिट स्विच गेला?

अमेरिका-कॅनडातल्या हिवाळ्यात हा समज हमखास कानावर पडतो: गॅस फर्नेस (गॅस जाळून घरभर गरम हवा सोडणारं यंत्र) दर पाच-दहा मिनिटांनी विझत असेल, तर लिमिट स्विच, म्हणजे यंत्र जास्त तापलं की गॅस तोडणारा सुरक्षा-स्विच, बदलून टाका. बहुतेक वेळा तो बिचारा आपलं काम चोख करत असतो.

स्विचवर ‘एल १६०-३०’ असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे १६० अंश फॅरनहाइटला आतली दोन धातूंची चकती सर्किट तोडते, गॅस बंद होतो, पंखा फिरत राहतो. तापमान ३० अंशांनी उतरलं की सर्किट पुन्हा जुळतं. तेव्हा खरा प्रश्न असा, की उष्णता अडतेय कुठे? आधी हवेचा फिल्टर उजेडासमोर धरून पाहा; उजेड आरपार येत नसेल तर तो तुंबलाय. मग रिकाम्या खोल्यांच्या बंद केलेल्या गरम हवेच्या जाळ्या उघडा (यात गॅस वाचतो हाही गैरसमजच). तरीही तेच? फर्नेस १५ मिनिटं चालवून बाहेर पडणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक मोजा. फर्नेसवरच्या पाटीवर ३५ ते ६५ अंश लिहिलंय आणि फरक ८० येतोय, तर हवा कमी पडतेय: पंख्याचा कपॅसिटर (मोटर फिरवायला मदत करणारा भाग) किंवा त्याच हवेच्या वाटेत बसवलेली एसीची कॉइल तुंबलीय का, ते तपासून घ्या.

स्विच खरोखर गेलाय का, हे वीज बंद करून, तारा काढून मल्टीमीटरवर कळतं. थंड स्विच जवळपास शून्य ओहम दाखवायला हवा.

वायरचा तुकडा लावून स्विच बायपास मात्र कधीच करू नका. अति तापून हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) तडकला तर घरात कार्बन मोनॉक्साइड शिरू शकतो.