पट कमी, छप्पर तेवढंच: शाळाखोल्यांच्या निधीमागचा इतिहास

मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत ऐन पावसाळ्यात जाऊन बसा. पत्र्यावर सर सुरू झाली की बाईंचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही. पाणी कुठे कुठे गळतं हे मुलांना पाठ असतं, ती न सांगता दप्तरं उचलून मांडीवर घेतात. दोन खोल्यांपैकी एक धोकादायक ठरवून कुलूप लावलेलं, म्हणून दोन वर्ग व्हरांड्यात. अशा शाळेचे पालक नव्या खोलीचा ठराव घेऊन पंचायत समितीत गेले की पहिला प्रश्न येतो: पट किती, म्हणजे शाळेत मुलं किती?

हा प्रश्न कुणा एका साहेबाचा नाही. शाळेच्या इमारतीला पैसा कुणाचा आणि तो कुठल्या मापाने वाटायचा, हा वाद इथे दीडशे वर्षांच्या आसपास चालू आहे.

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांनी तिथे स्पष्ट मांडलं. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणीही त्यातलीच. मुंबई इलाख्यात तेव्हा शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा जादा कर, घेतली जायची आणि तिचा एक हिस्सा शाळांसाठी असायचा. तरी कितीतरी गावांत शाळा भरायची ती चावडीत, धर्मशाळेत नाहीतर देवळात. शाळा देवळात भरली की अस्पृश्य मुलांना आत पाऊलही टाकता येत नसे. म्हणजे स्वतंत्र इमारत नसणं ही गैरसोय तर होतीच, पण शाळेत कोण येणार हेही त्यावरून ठरत होतं.

मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. तिथे शाळा कमी, वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, पण उशिरा सुरुवात झाल्याची तूट तशीच राहिली. 'निजामकालीन शाळा' हा शब्द आजही सरकारी कागदांत भेटतो. जाड दगडी भिंती, जुनी लाकडं, पावसाळ्यात ओल. बांधली तेव्हा ती भक्कमच होती. पुढे कित्येक वर्षं तिच्याकडे कुणी बघितलं नाही, हा खरा दोष.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जबाबदारी खाली आली, पण परिषदेचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं. जी जिल्हा परिषद गरीब, तिच्या सेस फंडात, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाच्या निधीत, दुरुस्तीला उरणार तरी काय? 1984 च्या दांडेकर समितीने राज्याचा प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, एकूण सुमारे 3,187 कोटी रुपये मोजला, तेव्हा तिच्या नऊ क्षेत्रांत सामान्य शिक्षणही होतं. चर्चा मात्र सिंचनाची आणि रस्त्यांची झाली. शाळाखोलीचा अनुशेष त्यात दबून गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

1987 मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, एवढी साधी गोष्ट देशाने पहिल्यांदा मापात बसवली. त्या मोहिमेतल्या दोन खोल्यांच्या कितीतरी शाळा अजून तशाच उभ्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि उस्मानाबादमध्ये घरांसोबत शाळाही जमीनदोस्त झाल्या आणि पुनर्वसनात त्या नव्याने बांधल्या गेल्या. पुढच्याच वर्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात तेव्हाचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे घेतले गेले. जिथे मुलींचं शिक्षण मागे, तिथे आधी पैसा, हे त्यामागचं सूत्र. मागासपण पाहून निधी देता येतो, हे तेव्हा सिद्ध झालं. सर्व शिक्षा अभियानात तोच पैसा देशभर पसरला आणि बांधकामाला एकूण खर्चाच्या 33 टक्क्यांची मर्यादा आली.

एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने दर शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि संरक्षक भिंत हा कायदेशीर निकष केला. पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक आणि म्हणून दोन खोल्या. शाळेने हे सगळं तीन वर्षांत, म्हणजे मार्च 2013 पर्यंत पूर्ण करायचं होतं.

मग पट कुठून आडवा येतो? समग्र शिक्षा योजनेतलं वार्षिक शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत 10 हजार रुपये, शंभरपर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. बावीस मुलांच्या शाळेचं छप्पर काही कमी गळत नाही. दहा हजारांत खडू, वीजबिल, टाकीचा नळ की पत्र्याची डागडुजी? मोठं गाव लोकवर्गणी उभी करतं, शहरात गेलेले माजी विद्यार्थी मदत पाठवतात. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या पालकांनी वर्गणी आणायची कुठून? निधी मागायला तालुक्याला खेटे घालायचे, तर तेवढी मजुरी बुडते.

ऑगस्ट 2017 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. त्यानंतर धोकादायक खोल्यांचा विषय राज्यभर ऐरणीवर आला. पण जुनी खोली पाडायची तर आधी निर्लेखनाची, म्हणजे ती सरकारी नोंदीतून बाद करण्याची, मंजुरी, मग नव्या खोलीचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि जिल्हा नियोजनातून निधी. तोवर मुलं समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर बसतात.

म्हणून आता पालकांनी धरलेला धागा आहे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 चा. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाला तोच आधार, असं हे कलम सांगतं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. एका वस्तीवरच्या आयांनी गेल्या पावसाळ्यात गळणाऱ्या प्रत्येक जागेखाली खडूने गोल काढला, फोटो काढले, आराखड्याला जोडले आणि ठरावाची पोच घेतली. ती पोच त्यांनी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेली नाही. एकीने ती घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली आहे.