वस्त्रगाळ शाई : स्क्रीन प्रिंटिंगची साधने आणि त्यांच्या निगेमागचा इतिहास

दहीहंडी जवळ आली की मुंबईतल्या टी-शर्ट छापणाऱ्या गाळ्यांमध्ये गोविंदा पथकांच्या मागण्यांची रीघ लागते आणि नेमक्या याच दिवसांत हवेतली आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे स्क्रीन, म्हणजे छपाईसाठी चौकटीवर ताणलेली जाळी, बिघडण्याचे प्रमाण ऐन घाईच्या काळात वाढते, आणि मग कारागीर थोरांकडून ऐकलेले नियम एकामागून एक लावून पाहतो. या नियमांपैकी काही रेशमी जाळीच्या काळातले आहेत, काही बायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराच्या काळातले आणि काही आजच्या फोटो इमल्शनचे, म्हणजे जाळीवर लावायच्या प्रकाशसंवेदी लेपाचे. कोणता नियम कोणत्या पदार्थासाठी जन्माला आला हे माहीत नसेल, तर चांगला नियमही चुकीच्या जागी लागतो.

या छपाईचे मूळ तत्त्व आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. पत्र्याला भोके पाडून केलेल्या छाप्यातून रांगोळी खाली उतरते आणि उरलेली जागा कोरी राहते. जपानमधल्या कातागामी पद्धतीत तेंदूच्या जातीच्या फळाचा तुरट रस दिलेल्या चिवट कागदात नक्षी कोरली जाई, आणि नक्षीचे सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून त्यात रेशमाचे बारीक धागे बसवले जात. पीठ वस्त्रगाळ करण्यासाठी युरोपातल्या गिरण्यांमध्ये जे अतिशय एकसारख्या विणीचे रेशमी कापड वापरत, तेच छपाईच्या चौकटीवर ताणले गेले आणि आजची स्क्रीन आकाराला आली. अशा रेशमी स्क्रीनसाठी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये पेटंट घेतले.

रेशमाचा धागा अनेक तंतूंचा आणि खरखरीत असल्यामुळे स्टेन्सिलचा, म्हणजे कोरी राहायची जागा झाकणारा, थर त्याला आपोआप धरून बसे. पण रेशीम हे प्रथिन आहे, आणि ब्लीच लागले की ते विरघळते, म्हणून घट्ट झालेले स्टेन्सिल काढण्याची सोय मर्यादित होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आधी नायलॉन आणि मग पॉलिएस्टरची जाळी आली. नायलॉन ओलावा शोषून सैल पडते, त्यामुळे मुंबईसारख्या दमट शहरात पॉलिएस्टरचा फायदा विशेष जाणवतो. एकच स्क्रीन पुन्हा पुन्हा धुऊन वापरण्याची आजची सवय या बदलामुळेच रुजली. मात्र पॉलिएस्टरचा एकतंतू धागा गुळगुळीत असतो, त्यावर हाताचे तेल राहिले तरी इमल्शन त्या जागी धरत नाही आणि बारीक भोके पडतात. म्हणून इमल्शन लावण्यापूर्वी जाळी डिग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, धुण्याचा नियम आला. तो टाळून घरचे भांडी घासण्याचे चूर्ण वापरू नये, कारण त्याचे कण जाळीच्या घरांमध्ये अडकतात. चौकटीचाही प्रश्न ओलाव्याचाच होता. लाकूड पावसाळ्यात फुगून पिळते आणि बहुरंगी कामात रंग एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमची चौकट अधिक भरवशाची ठरली.

सर्वांत मोठा बदल प्रकाशसंवेदी थरात झाला आणि माझ्या मते निगेचे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून क्रोमियमचे क्षार मिसळलेल्या थरावर प्रकाश पाडून स्टेन्सिल करण्याचे प्रयोग सुरू झाले; प्रकाश पडलेला भाग घट्ट होतो आणि नक्षीने झाकलेला भाग पाण्याने धुऊन जातो. आपल्याकडच्या छोट्या छापखान्यांमध्येही पीव्हीए हा डिंकासारखा पदार्थ आणि बायक्रोमेट एकत्र करून गच्चीवरच्या उन्हात स्क्रीन एक्स्पोज करणे, म्हणजे तिच्यावर प्रकाश पाडणे, हे स्वस्त आणि हाताशी असलेले तंत्र होते. बायक्रोमेटचा थर अंधारातही, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, हळूहळू आपोआप घट्ट होतो. त्यामुळे ‘आज कोट केलेली स्क्रीन आजच एक्स्पोज करावी’ हा नियम त्या काळी अगदी रास्त होता. बायक्रोमेटऐवजी डायझो हे प्रकाशसंवेदी रसायन असलेले इमल्शन आल्यावर ही घाई उरली नाही, कारण त्याचा सुकलेला थर अंधाऱ्या आणि कोरड्या जागी बरेच दिवस टिकतो. पण जुनी घाई हातात राहिली, आणि पावसाळ्यात अर्धवट सुकलेली स्क्रीन दिव्याखाली ठेवली जाऊ लागली. थरात पाणी शिल्लक असले की प्रकाशाने तो नीट घट्ट होत नाही आणि धुताना नक्षीच्या कडा वाहून जातात. अशा वेळी दोष बहुतेकदा दिव्यावर टाकला जातो आणि एक्स्पोजरचा वेळ वाढवला जातो. खरा उपाय सुकवण्याच्या खोलीतला ओलावा कमी करणे हा आहे. नुसता पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो, म्हणून वातानुकूलन किंवा ओलावा शोषणारे यंत्र लावावे, तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये आणि स्क्रीन आडवी ठेवून कापडाला लागणारी बाजू खाली करावी.

बायक्रोमेट सोडून देण्याचे याहून गंभीर कारण आरोग्याचे आहे. त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून त्वचेवर न भरणाऱ्या जखमा करते, आणि मोरीतून वाहून गेलेले पाणी त्याला सोबत नेते. ज्या गाळ्यात ते अजून वापरात असेल तिथे ते थांबवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

गिरण्यांच्या काळात कापडावरची छपाई लांबच लांब टेबलांवर होई. कापड डिंकाने चिकटवून दोन कारागीर समोरासमोर उभे राहत आणि स्क्वीजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायचे पात्याचे अवजार, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई. नेदरलँड्सच्या स्टॉर्क कंपनीने १९६३ मध्ये निकेलची गोल रोटरी स्क्रीन आणली आणि मोठ्या मापाचे काम तिकडे वळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, पण हाताची स्क्रीन लहान गाळ्यांमध्ये आणि गिरगावातल्या लग्नपत्रिकांच्या कामात टिकून राहिली.

स्टेन्सिल काढण्यासाठी पूर्वी ब्लीच चाले, आता सोडियम मेटापेरिओडेटचे स्ट्रिपर वापरतात. ते जाळीवर कधीही सुकू देऊ नये. सुकले की उरलेले इमल्शन कायमचे घट्ट होते आणि जाळी बदलावी लागते. पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या जुन्या इमारतीत काम असेल, तर पिंप भरलेले आहे याची खात्री करूनच स्ट्रिपर लावावे.

स्क्वीजीचे जुने पाते रबराचे असे आणि थिनरने फुगे. पॉलियुरेथेनचे पाते अधिक काळ टिकते, पण दिवसभर तीव्र थिनरमध्ये राहिले तर त्याचीही धार गोलावते. कापडासाठी ६० ते ७० शोअर (पात्याच्या कडकपणाचे माप) आणि कागदावरच्या बारीक कामासाठी त्याहून कडक, अशी दोन-तीन पाती जवळ ठेवून ती आलटून पालटून वापरावी, प्रत्येकाला काम संपल्यावर एक दिवस विश्रांती द्यावी आणि ठेवताना धारेवर वजन येणार नाही अशा बेताने टांगून ठेवावे.