प्लेस्टेशन ६ कधी येणार? वेफरला विचारा

"प्लेस्टेशन ६ ची रिलीज डेट कन्फर्म!" असं थंबनेल दर पंधरा दिवसांनी कुठल्या तरी चॅनलवर झळकतंच. लाल बाण, आ वासलेला होस्ट, आणि आत दहा मिनिटं घालवल्यावर कळतं की भाऊंनी कुणाचं तरी ट्वीट वाचून दाखवलंय, बस्स. आणि हे बघणाऱ्या निम्म्या लोकांची पक्की समजूत अशी की कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं ते यंत्र, सोनीच्या गोदामात तयार होऊन पडलंय, कंपनी फक्त आपल्याला तंगवतेय.

नाही हो. तयार वगैरे काही नसतं. आणि कधी तयार होणार हे सोनीच्या साहेबांपेक्षा सिलिकॉनच्या एका तबकडीवर, म्हणजे वेफरवर, जास्त ठरतं. मला या सगळ्या भानगडीत तोच भाग सगळ्यात आवडतो त्यामुळे आज जरा त्यावर लांबण लावणार आहे.

पण आधी तो "सात वर्षांचा नियम" निकालात काढू. म्हणे प्लेस्टेशन दर सात वर्षांनी येतं, मग २०२० अधिक सात बरोबर २०२७, झालं. आता तारखा बघा. पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ ला आलं, दुसरं मार्च २००० ला, म्हणजे सव्वापाच वर्षं. तिसरं नोव्हेंबर २००६, पावणेसात. चौथं नोव्हेंबर २०१३ आणि पाचवं नोव्हेंबर २०२०, इथे दोनदा सात जुळले. चारपैकी दोन, याला नियम म्हणायचं असेल तर आनंद आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सकडे बघितलं तर पहिल्या आणि दुसऱ्यात चार वर्षं, दुसऱ्या आणि तिसऱ्यात आठ. निन्टेन्डो स्विच मार्च २०१७ आणि स्विच २ जून २०२५, सव्वाआठ. शनीची साडेसाती पुरेना म्हणून आता सोनीची साती! शनीच्या बाबतीत निदान आकड्यांचा हिशेब तरी लागतो, सूर्याभोवती फेरी साडेएकोणतीस वर्षांची, बारा राशींत वाटली की एकेकीला अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. त्याचा तुमच्या बढतीशी काडीचा संबंध नाही हा भाग वेगळा. इथे तर तेवढंही नाही.

गेली तीन प्लेस्टेशन नोव्हेंबरमध्येच आली हे मात्र खरंय, पण त्यात गूढ काही नाही, अमेरिका-युरोपात नोव्हेंबर ते ख्रिसमस हीच खरेदीची वेळ.

आता मुद्द्यावर येऊ. प्लेस्टेशन ५ च्या पोटात एकच मोठी चिप आहे, सीपीयू आणि ग्राफिक्स दोन्ही तिच्यातच. एएमडी कंपनीने डिझाइन केलेली, तैवानच्या टीएसएमसीने सुरुवातीला ७ नॅनोमीटर प्रोसेसवर (प्रोसेस म्हणजे चिप छापायची पद्धत) बनवलेली. (७ नॅनोमीटर हे नाव समजा, माप नाही, तिथे एका ट्रान्झिस्टरच्या गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतरच पन्नास नॅनोमीटरच्या वर असतं. मार्केटिंगवाल्यांची कृपा.) पहिल्या मॉडेलमधल्या या चिपचं क्षेत्रफळ साधारण ३०८ चौरस मिलिमीटर, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी. चिप्स एकेक करून बनत नाहीत, ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल वेफरवर सगळ्या एकदम छापल्या जातात आणि मग कापतात. तबकडी गोल, चिप चौकोनी, कडेचे अर्धवट तुकडे सोडून दिले की एका वेफरवर साधारण १९० चिप्स बसतात.

बसतात म्हणजे सगळ्या चालतात असं नाही. ताटात नारळाची वडी थापली आणि त्यावर नकळत दहा-बारा बारीक खडे सांडले अशी कल्पना करा. खडे कुठे पडलेत ते दिसत नाही, आणि ज्या वडीत खडा ती वडी टाकून द्यायची. वड्या लहान पाडल्या तर शंभरातल्या दहा-बारा वाया जातील. त्याच ताटात मोठ्या मोठ्या वीसच पाडल्या तर? खडे तेवढेच, पण निम्मं ताट गेलं. वेफरवर असे खडे म्हणजे धुळीचा एखादा कण, थरातली चूक, अर्धवट कोरलेली तार. जगातल्या सगळ्यात स्वच्छ खोलीतसुद्धा ते शून्य होत नाहीत.

याचं सगळ्यात साधं गणित फ्रेंच गणिती पॉयसाँच्या नावाचं आहे. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी किती दोष त्याला डिफेक्ट डेन्सिटी म्हणतात, तिला चिपच्या क्षेत्रफळाने गुणा, आणि ई या संख्येचा (२.७१८ वाली, बारावीतली) तेवढा ऋण घात घ्या, की निर्दोष चिप्सचं प्रमाण मिळालं. यालाच धंद्यात यील्ड म्हणतात. समजा प्रोसेस नवी आहे आणि दोष दर चौरस सेंटिमीटरला ०.५. फोनची १ चौरस सेंटिमीटरची चिप असेल तर यील्ड ६१ टक्के. कन्सोलची ३.०८ चौरस सेंटिमीटरची चिप असेल तर २१ टक्के! १९० पैकी ४०-४१ चिप्स हातात, बाकी कचरा, आणि वेफरचे पैसे मात्र पूर्ण द्यायचे. आता तीच प्रोसेस दोनेक वर्षं मुरली, दोष ०.१ वर आले, तर कन्सोलच्या चिपचं यील्ड एकदम ७३ टक्क्यांवर जातं. डिझाइन तेच, कारखाना तोच, फक्त वेळ गेला. बघा, इथे वेळ हाच कच्चा माल आहे.

म्हणून क्रम ठरलेला असतो. नवीन प्रोसेसवर आधी फोनच्या चिटुकल्या चिप्स येतात, महागड्या फोनवाल्यांच्या पैशावर कारखाना शिकतो, आणि मग कन्सोलवाले येऊन तयार पंगतीला बसतात. ७ नॅनोमीटरची चिप आयफोनमध्ये २०१८ ला आली, प्लेस्टेशनमध्ये २०२० ला. ज्यांना कन्सोल ५०० डॉलरच्या आसपास विकायचंय त्यांना पहिल्या पंगतीचं पान परवडत नाही.

यापुढची युक्ती तर मला फारच भारी वाटते. प्लेस्टेशन ५ च्या चिपवर ग्राफिक्सची ४० कॉम्प्युट युनिट्स, म्हणजे चित्राचं गणित करणारे एकसारखे छोटे भाग, प्रत्यक्ष कोरलेली आहेत आणि वापरात आहेत ३६. चार मुद्दाम बंद! का, तर दोष नेमका एखाद्या युनिटमध्ये पडला तर ते युनिट बंद करायचं आणि चिप वाचवायची. ज्या चिपमध्ये चाळीसच्या चाळीस धडधाकट निघाली तिथेही चार बंदच ठेवतात, कारण सगळी कन्सोल सारखीच चालली पाहिजेत, नाहीतर गेम बनवणाऱ्यांनी टेस्टिंग कशावर करायचं. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ५६ पैकी ५२ चालू, प्लेस्टेशन ४ मध्ये २० पैकी १८, आणि प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये आठ छोट्या कोअरपैकी सात. म्हणजे तुमच्या घरातल्या प्लेस्टेशन ५ मध्ये चार युनिट्स जन्मभर झोपलेली आहेत, त्यातली काही कदाचित ठणठणीतसुद्धा असतील, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

फायदा किती? धरून चाला की चिपचं ४० टक्के क्षेत्रफळ या युनिट्सचं आहे (आकडा मी सोयीसाठी घेतलाय) आणि त्या भागातला एखादा दोष चालवून घेता येतो. मग उरलेल्या १.८५ चौरस सेंटिमीटरमध्ये शून्य दोष असण्याची शक्यता काढायची, आणि युनिट्सच्या १.२३ चौरस सेंटिमीटरमध्ये शून्य किंवा एक दोष असण्याची, मग दोन्हींचा गुणाकार. दोष ०.१ असताना येतं ८२ टक्के, म्हणजे त्याच वेफरमधून १४० ऐवजी १५६-१५७ चिप्स. आणि ०.५ ला २१ चे होतात जवळपास ३५ टक्के. डोकं गरगरलं असेल तर हा पॅरा सोडून द्या, एवढंच लक्षात ठेवा की प्रोसेस जितकी कच्ची तितका या झोपलेल्या युनिट्सचा फायदा मोठा.

आता उलटा हिशेब करू. प्लेस्टेशन ५ डिसेंबर २०२० अखेरपर्यंत ४५ लाख गेले. वेफरला १५० चांगल्या चिप्स धरल्या तर ३० हजार वेफर लागले, आणि एक वेफर कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तीनेक महिने सहज जातात कारण थरावर थर, शेकडो पायऱ्या. त्यापुढे पॅकेजिंग, जोडणी, बोटीने प्रवास. म्हणजे नोव्हेंबरला दुकानात माल हवा तर वसंतातच उत्पादन जोरात पाहिजे, आणि त्याच्या कितीतरी आधी डिझाइन कारखान्याकडे गेलेलं पाहिजे, ज्याला टेप-आउट म्हणतात. एखादी चूक सापडली की मास्क (नक्षी छापायचे साचे) बदला, वेफर पुन्हा चालवा, गेले परत काही महिने. तेव्हा थंबनेलवाल्याने "पुढच्या दिवाळीत सरप्राइज लाँच" म्हटलं की समजायचं, याला वेफर कशाशी खातात ते माहीत नाही.

आणि मोठी चिप हाच एकमेव अडसर असतो असंही नाही. प्लेस्टेशन ३ ची गोष्ट माहितीय ना? नोव्हेंबर २००६ ला जपान-अमेरिकेत आलं आणि युरोपची तारीख ऐन वेळी मार्च २००७ पर्यंत ढकलली, कशामुळे, तर ब्लू-रेसाठी लागणाऱ्या निळ्या लेझर डायोडचं उत्पादन पुरेना. गॅलियम नायट्राइडचा मिलिमीटरपेक्षाही लहान तुकडा, पण दोषरहित स्फटिक वाढवणं महाकठीण. याच पदार्थावरच्या निळ्या एलईडीच्या कामाला पुढे २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

बरं मग आत्ताचं काय? नुसत्या यील्डचा विचार केला तर अडायचं कारण नाही. ३ नॅनोमीटर २०२३ पासून आयफोनमध्ये आहे, २०२७ पर्यंत चांगली मुरलेली असेल. अडलंय दुसरीकडे. पूर्वी प्रोसेस लहान झाली की सगळं लहान व्हायचं, चिप स्वस्त व्हायची, कन्सोलची किंमत उतरायची. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आलं आणि २००९ मध्ये ९९ ला मिळत होतं. आता चिपमधली स्वतःची मेमरी, एसरॅम, आक्रसायचीच थांबलीय. टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरमध्ये तिचा एक सेल (एका बिटाचं घर) ०.०२७ चौरस मायक्रॉन, ५ मध्ये ०.०२१, आणि ३ च्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत पुन्हा ०.०२१! वेफर महाग आणि त्यातला बराचसा भाग तेवढाच मोठा. परिणाम दिसतोच, डिस्कवालं प्लेस्टेशन ५ आलं ४९९ डॉलरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ झालं. पाच वर्षं जुनं यंत्र महाग होतंय, हे कन्सोलच्या इतिहासात पूर्वी होत नसे.

बाहेरच्या मेमरीचं तर विचारूच नका. मुख्य मेमरी बघा: पहिल्या प्लेस्टेशनमध्ये २ एमबी, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात दोन्ही भाग मिळून ५१२, चौथ्यात ८ जीबी. प्रत्येक वेळी बरोबर सोळापट! आणि पाचव्यात १६ जीबी, म्हणजे फक्त दुप्पट. या बाहेरच्या मेमरीत, म्हणजे डीरॅममध्ये, एकेक बिट एका बारीक कपॅसिटरमध्ये साठवतात आणि तो कपॅसिटर लहान केला की त्यात चार्ज टिकत नाही, तिथेही भिंत आलीय. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात एआयवाल्यांच्या डेटा सेंटर्सनी मेमरीचा बाजार उपसला, भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने आपला ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. एआय सगळं स्वस्त करणार म्हणत होते ना, घ्या, रॅमपासून सुरुवात झाली.

हातात असलेले पक्के धागे तसे थोडेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्युन्ह एका व्हिडिओत एकत्र बसून पुढच्या ग्राफिक्स तंत्राबद्दल बोलले, आणि सर्नी म्हणाले की हे काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायचंय, आत्ता ते फक्त सिम्युलेशनमध्ये आहे. हे महत्त्वाचं, म्हणजे तेव्हा हातात सिलिकॉन नव्हतं. मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टकज्जातून चुकून बाहेर आली त्यात त्यांच्या पुढच्या पिढीसाठी २०२८ लिहिलेलं होतं.

माझा अंदाज विचाराल तर नोव्हेंबर २०२८. यील्ड २०२७ म्हणतंय, मेमरीचे भाव नको म्हणतायत, आणि भांडणात मेमरी जिंकेल असं मला वाटतं. मेमरीचे भाव २०२६ मध्येच कोसळले तर २०२७ धरा. तोपर्यंत खरी बातमी ओळखायची असेल तर टेप-आउट, उत्पादन सुरू झाल्याची खबर आणि अमेरिकेच्या एफसीसीकडे (तिथलं दूरसंचार नियामक) झालेली वायरलेस नोंदणी एवढंच बघा, बाकी सगळं करमणूक.

पुण्या-मुंबईतल्या मंडळींनी यात अजून थोडा वेळ मिळवायचा. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, बाहेरच्यांनंतर जवळपास बारा आठवड्यांनी. आणि नोव्हेंबर २०२४ चं प्लेस्टेशन ५ प्रो तेव्हा भारतात आलंच नाही, कारण त्यातलं वाय-फाय ७ हे सहा गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि त्या पट्ट्याला इथे त्या वेळी परवानगी नव्हती. त्यामुळे आपल्याला टीएसएमसीबरोबर दिल्लीतल्या दूरसंचार खात्याच्या अधिसूचनाही वाचाव्या लागणार.