बूर्टांजचा तारा कुणासाठी?

नेदरलँड्समधील बूर्टांज या ताऱ्याच्या आकाराच्या तटबंदीच्या गावाचा वरून टिपलेला फोटो वर्षानुवर्षे फिरतो आणि सोबत सांगितले जाते, की हा तारा आकाशातून दिसावा म्हणून गूढ विद्येने रचला. फोटो खरा आहे, कारण मात्र तोफांचे आहे. गोल बुरुजाच्या पुढ्यात शेजारच्या बुरुजावरून न दिसणारी जागा उरते, जिथे शत्रू निर्धास्तपणे सुरुंग लावू शकतो. टोकदार बुरुजाच्या दोन्ही बाजू मात्र शेजाऱ्यांच्या माऱ्यात राहतात. कागदावर दोन्ही आकृत्या काढून पट्टीने रेषा ओढल्या, की हे पटते. जमिनीवरून तर तारा जाणवतही नाही; दिसतात ते तोफगोळे जिरवणारे, गवताने झाकलेले मातीचे बुटके तट आणि खंदकाचे पाणी. दलदलीतून जाणारी वाट रोखणारा हा किल्ला १५९३ मध्ये पूर्ण झाला, १८५१ मध्ये त्याचा लष्करी वापर संपला, आणि आजचे रूप विसाव्या शतकात १७४२ च्या स्थितीप्रमाणे पुन्हा उभारलेले आहे.