मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज: नवजात बाळाच्या मेंदूतली गल्लत

बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडला, की पुढच्या काही तासांत मेंदूत दाह सुरू होतो. त्याबद्दल वाचताना एक विधान मला सारखं भेटतं: रक्तातल्या पेशी मेंदूत घुसतात, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) बनतात आणि नासधूस करतात. हे चूक आहे, आणि या चुकीवर बाळाच्या उपचारांबद्दलचे अंदाजही बांधले जातात, म्हणून ती जास्त खुपते.

मॅक्रोफेज तुम्हाला ठाऊक आहेत. अस्थिमज्जेत तयार झालेले मोनोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) रक्तातून इजेच्या जागी पोचतात, मॅक्रोफेज होतात आणि मेलेल्या पेशी गिळतात. मायक्रोग्लिया मात्र अस्थिमज्जेतून येतच नाहीत. त्यांचा उगम योक सॅकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गर्भाला जोडलेल्या पिशवीत. गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला त्या मेंदूत शिरतात आणि पुढे तिथेच विभाजन होऊन टिकतात. उंदरांमध्ये हे २०१० साली स्पष्ट झालं. आकार, फांद्या वगैरे फरक पाठ करण्यात वेळ घालवू नका.

कारण खरी अडचण नेमकी तिथेच आहे. इजा झाली की मायक्रोग्लिया फांद्या आखडून गोल होतात आणि मॅक्रोफेजसारख्याच दिसतात. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा आयबीए-१ या प्रथिनाची रंगखूण दोघींनाही लागते. नवजात मेंदूत गुंता आणखी वाढतो. तिथल्या पांढऱ्या भागात निरोगी मायक्रोग्लियाही मुळात गोलसरच असतात, त्यामुळे गोल पेशी दिसली म्हणजे ती चवताळली असं होत नाही. फक्त मायक्रोग्लियाची ओळख पटवणारं टीएमईएम-११९ हे प्रथिन उंदराच्या पिल्लात जन्मानंतर हळूहळू वाढतं, म्हणजे जन्मावेळी तेही पुरेसं भरवशाचं नाही. पेशी कुठून आली हे सांगायचं तर रक्तातल्या पेशी आधीच जनुकीय खुणेने चमकवून ठेवाव्या लागतात. नुसत्या आयबीए-१च्या चित्रावरून ‘बाहेरच्या पेशींचा हल्ला’ असा निष्कर्ष काढलेला दिसला की मी तो लेख बाजूला ठेवते.

आणि असा काळजीपूर्वक फरक केला तेव्हा काय दिसलं? उंदरांच्या पिल्लांत प्राणवायूअभावी झालेल्या इजेनंतर सुरुवातीचा दाह मुख्यतः मेंदूतल्याच मायक्रोग्लियाचा होता. रक्तातल्या गोष्टी मेंदूत सहज शिरू न देणारा अडसर नवजात मेंदूत कच्चा असतो, म्हणून सगळं आत शिरतं, हा समजही टिकत नाही. रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) सात दिवसांच्या पिल्लांत पक्षाघातानंतर (स्ट्रोकनंतर) हा अडसर प्रौढांपेक्षा चांगला शाबूत राहिला होता.

मग मायक्रोग्लियाच काढून टाकाव्यात का? २०११ मध्ये तशाच पिल्लांत ते करून पाहिलं, आणि इजा वाढली. त्यांच्याकडून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात हे खरं, पण त्या मेलेल्या पेशींचा निचराही करतात. शिवाय वाढत्या मेंदूत नको असलेले सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) छाटणं आणि मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) तयार होण्यास हातभार लावणं ही कामं एरवीही त्यांचीच. म्हणून दाह वाढवणाऱ्या एम-१ वाईट, दुरुस्ती करणाऱ्या एम-२ चांगल्या ही जुनी विभागणी मी वापरत नाही. एकच पेशी वेळेनुसार दोन्हीकडची कामं करते.

उपचाराचा प्रश्नही इथूनच सुरू होतो. बाहेरून येणाऱ्या मोनोसाइटना रक्तातच अडवता येतं, मायक्रोग्लियासाठी औषध मेंदूत पोचायला हवं आणि तेही योग्य वेळी. मायक्रोग्लियाला शांत करणारं म्हणून मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक अनेक वर्षं आशेने तपासलं गेलं. रॅटच्या पिल्लांत त्याने मेंदू वाचवला, २००४ मध्ये माऊसच्या (छोट्या उंदराच्या) पिल्लांत मात्र इजा वाढवली.