एफडीजी आणि एफएलटी : प्राण्यांतील गाठींच्या पेट चित्रणातील तुलना

एफडीजी आणि एफएलटी हे दोन ट्रेसर, म्हणजे शरीरात टोचून ज्यांचा माग काढता येतो असे किरणोत्सारी रेणू. दोन्हींत फ्लुओरिन-१८ हे किरणोत्सारी समस्थानिक असते. उंदरांमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या गाठी पेट स्कॅनवर (ट्रेसर शरीरात कुठे साठला याचे चित्र देणाऱ्या तपासणीत) पाहण्यासाठी ते वापरतात. समस्थानिक एकच, अर्धायुष्यही, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळही, एकच (सुमारे ११० मिनिटे). त्यामुळे चित्रांत फरक दिसला तर तो रेणूंच्या वागण्याचा असतो. तुलनेला ही जोडी म्हणूनच सोयीची.

एफडीजी ग्लुकोजच्या वाटेने पेशीत शिरतो. हेक्सोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडते, पुढची पायरी मात्र घडत नाही आणि तो आतच अडकतो. ग्लुकोज भराभर वापरणारी गाठ उजळते. पण मेंदू आणि दाहाच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही उजळतात. एफएलटी थायमिडीन या डीएनएच्या घटकासारखा. विभाजनाच्या तयारीतल्या पेशींत वाढणारे थायमिडीन कायनेज-१ हे विकर त्याला अडकवते. त्यामुळे दाहात तो सहसा कमी साठतो, आणि औषधाने पेशीविभाजन मंदावले तर गाठ आक्रसण्याआधीच ते दाखवू शकतो.

एवढ्यावर एफएलटीला झुकते माप द्यावेसे वाटते, पण इथे उंदीर फसवतो. त्याच्या रक्तात थायमिडीन माणसापेक्षा कितीतरी जास्त असते आणि ते एफएलटीशी स्पर्धा करते. म्हणून झपाट्याने वाढणारी गाठही फिकी दिसू शकते. त्यावर उपाय म्हणून थायमिडीन फॉस्फोरिलेज हे विकर आधी टोचून रक्तातले थायमिडीन उतरवल्याचे प्रयोग झाले आहेत. यकृताची गोष्ट उलटी : माणसाच्या यकृतात एफएलटी भरपूर साठतो, उंदराच्या यकृतात फारसा नाही. उंदरातले चित्र रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाही ते यामुळेच.

एफडीजीचे निकाल प्राणी कसा हाताळला यावर हेलकावतात. गारठलेल्या उंदराची तपकिरी चरबी तो ओढून घेते. केटामिन-झायलाझिनच्या भुलीने रक्तातली साखर चढते. म्हणून टोचण्याआधी काही तास उपाशी ठेवणे, अंग उबदार राखणे आणि आयसोफ्लुरेनची भूल देणे ही पथ्ये पाळतात. ती न सांगता दिलेल्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

शक्यतो एकाच प्राण्यात दोन्ही ट्रेसर वेगवेगळ्या दिवशी देतात. दहा अर्धायुष्यांत, म्हणजे साधारण १८ तासांत, आधीच्या ट्रेसरचा किरणोत्सार हजारांशावर येतो. मधल्या वेळात गाठ वाढतेच, म्हणून काही प्राण्यांत क्रम उलटा ठेवणे बरे. मोजमाप ‘दर ग्रॅम ऊतीमागे दिलेल्या मात्रेचा टक्का’ असे मांडतात. लहान प्राण्यांच्या स्कॅनरचे विभेदन (वेगळे ओळखता येणारे सर्वांत लहान अंतर) साधारण १ ते २ मिलिमीटर असल्याने इवल्या गाठींचा आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. त्यामुळे शेवटी गाठ काढून गॅमा काउंटर या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रातही मोजतात.